आज्ञा नवऱ्याने पाळली, किंमत सगळं घर मोजतंय. मी विश्वास कसा ठेवू?

दोन_मुलींची_आई

जय ख्रिस्त. थोडं मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

माझे मिस्टर रस्त्याच्या ठेकेदाराकडे क्वालिटीचं काम बघायचे. डांबराचा थर झाला की मशीनने त्यातून गोल तुकडा कापून काढतात, त्याला कोअर म्हणतात, आणि पट्टीने त्याची जाडी मोजतात. कागदावर थर ५० मिलीमीटरचा. जागेवर निघाला बत्तीस, कुठे अठ्ठावीस. वरून सांगण्यात आलं की दुसऱ्या रस्त्याचे कोअर ठेव आणि रिपोर्टवर सही कर. त्यांनी केली नाही. त्या रात्री घरी आले, जेवायला बसले आणि मुलींसमोरच म्हणाले, "राजीनामा देऊन आलो. प्रभूला तोंड दाखवायचंय मला."

मागचा पगार अजून अडकलेला आहे. थोरलीची इंजिनिअरिंगची फी आहे, धाकटी दहावीला, घराचा हप्ता चालू आहे. मी बालवाडीत शिकवते, त्यात किराणाही पुरा होत नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी अब्राहाम आणि इसहाकावर उपदेश केला, देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम पोटच्या लेकराचा बळी द्यायला निघतो त्यावर. लोक वळून वळून आमच्या बाकाकडे बघत होते. उपासना सुटल्यावर बायका म्हणाल्या, केवढा हो विश्वास! माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: या सगळ्यात इसहाकाची आई सारा कुठे आहे? लेकरू तिचंही होतं ना? तिला कुणी विचारलं?

त्यांनी सही करायला हवी होती असं मी एकदाही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मला त्यांचा अभिमान आहे. पण हप्त्याचा मेसेज आला की प्रार्थना घशातच अडकते. लोक म्हणतात "विश्वास ठेव", म्हणजे मी सकाळी उठून नेमकं करायचं काय? मी अविश्वासी आहे का?

मिरजेचा_भाऊ

ताई, धीर सोडू नका. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, पण देवाने त्याला दुप्पट परत दिलं. तुमच्या घरालाही दुप्पट मिळेल. आमच्या कुटुंबप्रार्थनेत तुमचं नाव घेतो.

नगरची_आजी

अगं बाई, तू अविश्वासी नाहीस. ते आधी डोक्यातून काढून टाक.

मिरजेच्या भावाने मनापासून लिहिलंय, प्रार्थना तर हवीच. पण ईयोबाचा शेवटचा अध्याय नीट वाचावा. मेंढरं, उंट, बैल, गाढवी दुप्पट झाल्या. मुलं मात्र पुन्हा दहाच झाली, आणि ती नवी. आधीची दहा काही परत आली नाहीत. त्यांच्या आईला "दुप्पट मिळालं" असं म्हणायची माझी छाती होणार नाही. देव फेडेलच, पण आपण ठरवलेल्या हिशेबाने फेडेल असं त्याच्या नावाने वचन देऊ नये.

आता सारेचं. हा प्रश्न मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकला होता, त्यामुळे बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा हा २२वा अध्याय मी खूपदा त्याच नजरेने वाचलाय. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. तिसऱ्या दिवशी त्याला लांबून ती जागा दिसते. एवढं बारकाईने लिहिलंय, आणि सारेचा एक शब्द नाही. अध्याय संपतो तेव्हा अब्राहाम बैर-शेब्यात आहे. पुढचा अध्याय उघडला की सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनला, म्हणजे दुसऱ्याच गावी, वारली. मधे काय झालं ते शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही. उपदेशात मात्र ही जागा रिकामी आहे एवढं तरी म्हटलं जावं, असं मला फार वाटतं.

एका गोष्टीवर मात्र शास्त्र गप्प नाही. सुरी उचललेला हात देवाने थांबवला. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (७:३१) पोटच्या पोरांना अग्नीत होमणाऱ्यांविषयी देव म्हणतो की हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्याचा जीव वेदीवर चढवून मोठा होणारा विश्वास त्याला नको आहे. अब्राहामाला काय द्यावं लागलं? लेकरू माझं आहे, त्याचं पुढचं मी बघीन, ही मूठ सोडावी लागली. नव्या करारातलं इब्री ११:१९ हेच सांगतं: देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असा त्याने हिशेब केला.

आपल्या नगरचंच उदाहरण घे. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात, नातेवाईक, सगळं तुटलं. आज आपण रविवारी त्यांची गीतं गातो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना खबर लागली ती सगळं झाल्यावर. पोराला घेऊन त्या वर्षानुवर्षं नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळी होती. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांचं मोठेपण. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. नवऱ्याचा विश्वास त्यांना आयता चालला नाही. आणि त्या काळातली तळमळ, राग, रडणं, सगळं त्यांनी पुढे न लपवता लिहून ठेवलं. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं, १९१९ मध्ये ते गेले. घर कसं चालवायचं हा प्रश्न पुन्हा त्या बाईसमोरच. त्यांच्या विश्वासाला कमी म्हणायची कुणाची हिंमत आहे?

म्हणून तुला सांगते, नवऱ्याशी बोल. सही न करणं बरोबरच होतं, त्यावर वाद घालू नकोस. पण "मला आधी सांगायला हवं होतंत" हे तोंडाने म्हण. ते मनात धरून प्रार्थनेला बसतेस म्हणून ती घशात अडकते. देवालाही तेच सांग, रागाने सांगितलंस तरी चालेल. कितीतरी स्तोत्रं अशीच आहेत.

निवृत्त_बँकवाला_पुणे

वहिनी, आजींनी आत्म्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. नोकरी गेल्याचं लेखी द्या आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. चुकल्यावर गेलात की बोलणं अवघड होतं. अडकलेला पगार आणि अनुभवाचा दाखला मेलवर मागा, फोनवर नको. खऱ्या मोजमापाची नोंद किंवा फोटो त्यांच्याकडे असतील तर सांभाळून ठेवा. उद्या कुणी उलटा आरोप केला तर तेच कामाला येतील.

आणि तिमथ्याला पहिल्या पत्रात पौल लिहितो की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. तेव्हा मिळेल ते काम धरणं हाही आज्ञापालनाचाच भाग. मंडळीलाही विचारतो, बाकाकडे वळून बघणाऱ्यांपैकी कुणी फीचं विचारलं का?

वसईची_थेरेझा

आम्ही कॅथलिक, म्हणून एका धन्य पुरुषाचं सांगते (धन्य म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी). फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. धर्मगुरूंनीही त्याला समजावलं होतं की घराचा विचार कर. फ्रान्झिस्कानेही आधी त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला, मग त्याच्या पाठीशी उभी राहिली. युद्ध संपल्यावर गावाने दोष तिलाच दिला, विधवेचं पेन्शन कित्येक वर्षं मिळालं नाही. शेती तिने ओढली, मुली तिने वाढवल्या. २००७ मध्ये लिंझला त्याला धन्य घोषित केलं तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि तिथे हजर होती. २०१३ मध्ये वारली.

त्याचं आज्ञापालन एका सकाळी पूर्ण झालं. तिचं पुढे सत्तर वर्षं चाललं. तुमचं रोजचं किराण्याचं गणितही प्रभूपुढे अर्पणच आहे, हे कुणी वेदीवरून सांगितलं नाही तरी.

दोन_मुलींची_आई

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी सही केली असती." मला राग आला, आणि त्यांची भीतीही पहिल्यांदा कळली. मी म्हटलं, रडले असते, पण सही करू दिली नसती. पुढचं काहीही ठरवायचं तर चौघांनी बसून, हे त्यांनी मुलींसमोर कबूल केलं.

बँकेत जाऊन आलो, अर्ज दिलाय. मटेरियल टेस्टिंगच्या एका लॅबमध्ये त्यांना बोलावलंय, पगार आधीपेक्षा बराच कमी आहे. घ्यावं असं माझं मत. थोरली म्हणते कॉलेजात फीचे हप्ते करून मिळतात का ते ती स्वतः विचारेल. मंडळीतून अजून कुणी विचारलेलं नाही. या रविवारी पाळकसाहेबांशी मीच बोलणार आहे, फीचंही आणि सारेचंही. त्यासाठी प्रार्थना करा.