शब्दचर्चा : न केलेल्या खुनाची टोचणी म्हणावी की आणखी काही?

लेखणीबहाद्दर :
हिचकॉकच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) या चित्रपटावर एक टिपण लिहीत आहे. गाय या टेनिसपटूला पत्नी मिरियमपासून सुटका हवी आहे. आगगाडीत भेटलेला ब्रूनो त्याला ‘तुझ्या बायकोला मी मारतो, माझ्या वडिलांना तू मार’ असे सुचवतो. गाय ते हसण्यावारी नेतो. ब्रूनो मात्र खरोखर खून करून येतो. रोमेर आणि शाब्रोल या फ्रेंच समीक्षकांनी १९५७ च्या पुस्तकात, एकाचा गिल्ट दुसऱ्याकडे सरकणे हे हिचकॉकचे मुख्य सूत्र मानले आहे. गायच्या मनःस्थितीला मी ‘अपराधगंड’ म्हटले, संपादकांनी ते खोडून ‘अपराधीपणा’ केले. ज्याने अपराधच केला नाही, त्याचा अपराधीपणा कसा?

सोनचाफा :
‘गंड’ काढला हे योग्यच झाले. न्यूनगंडाप्रमाणे तो वर्षानुवर्षे मुरलेला असतो. ‘टोचणी’ लिहावे.

जुनीवही :
टोचणी स्वतःच्या कृत्याची असते. येथे कृत्य दुसऱ्याचे आणि इच्छा याची आहे. मिरियमचा गळा दाबावासा वाटतो, असे गाय दूरध्वनीवर, आगगाडीच्या खडखडाटाच्या वरताण ओरडतो आणि पुढे ब्रूनो तिला गळा दाबूनच मारतो. आपल्याकडे ‘पापाचा वाटेकरी’ हा शब्दप्रयोग वाल्या कोळ्यापासून चालत आलेला आहे. वाल्याच्या लुटीवर पोसलेले कुटुंबीय वाटा नाकारतात आणि सुटतात. गायही नाकारतो, पण खुनाचा लाभ पदरात पडलेला असल्यामुळे त्याला सुटता येत नाही. पोलीस येताच तो अंधारात ब्रूनोच्या शेजारी, फाटकाच्या गजांमागे जाऊन उभा राहतो, ते दृश्य आठवावे. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण तेथे सपशेल खोटी ठरते.

शुद्धमती :
‘पाप’ आणले की पूर्वसंचितही मागोमाग येते. विलायती चित्रपटावर ते लादू नये.

जुनीवही :
हिचकॉक कॅथलिक घरात वाढला आणि जेझुइटांच्या शाळेत शिकला. पाप त्याला परके नव्हते. परके वाटत असेल तर ते आपल्याला.

बारावाटा :
एवढा खटाटोप कशासाठी? घरोघरी मुले ‘गिल्टी वाटतंय’ असेच म्हणतात. ‘गिल्ट’ लिहून मोकळे व्हावे.

शुद्धमती :
आमच्या आजीच्या तोंडी ‘गिल्टाचे दागिने’ होते. तिला ‘गायच्या मनात गिल्ट आहे’ असे सांगितले असते, तर तिने त्याला खोटे सोने समजून सोनाराकडे धाडले असते.

कोकणवाट :
मला ‘मिंधा’ हा शब्द सुचतो. ब्रूनोने न मागता केलेले काम तो उपकार म्हणून मिरवतो आणि परतफेड मागतो. आमच्या गावी एका सावकाराविषयी माणसे म्हणत, ‘त्याचे देणे फिटेल, मिंधेपण फिटत नाही.’ गायची कोंडी नेमकी हीच आहे. हायस्मिथच्या १९५० च्या मूळ कादंबरीत गाय अखेर ब्रूनोच्या वडिलांचा खून करतो. तेथे ‘अपराधीपणा’ शोभेल. चित्रपटातला गाय तेथपर्यंत जात नाही.

सोनचाफा :
मिंधेपण दुसऱ्यापुढे असते. एकट्याने कोणी मिंधा होत नाही. बाकी, संपादकांनी या चित्रपटाला ‘रहस्यपट’ म्हटले असेल, तर तेही खोडायला सांगा. खुनी कोण हे आपल्याला आरंभापासून ठाऊक आहे. रहस्य उरतेच कुठे?

बारावाटा :
मग ‘उत्कंठापट’?

सोनचाफा :
उत्कंठा म्हणजे मान उंचावून हव्याशा गोष्टीची वाट पाहणे. गायवर आळ आणण्यासाठी त्याचा लायटर घेऊन निघालेल्या ब्रूनोच्या हातून तो गटारात पडतो, इकडे गाय टेनिसचा सामना लवकर आटोपण्यासाठी जिवाचे रान करत असतो, आणि जाळीतून खाली गेलेली ब्रूनोची बोटे लायटरपाशी पोहोचेनात, तेव्हा आपण क्षणभर ‘अजून थोडे’ असे मनात म्हणतो. त्या भावनेला मी ‘धाकधूक’ म्हणेन.

जुनीवही :
म्हणजे प्रेक्षकही वाटेकरी झाला. माझ्याच शब्दाला पुष्टी मिळाली.

सोनचाफा :
आपण प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लावता.

कोकणवाट :
सस्पेन्सच्या मुळाशी लॅटिनमध्ये टांगण्याचाच अर्थ आहे आणि आपणही ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतो. ‘टांगणीपट’ का नको?

शुद्धमती :
‘टांगणीपट’ वाचून लोकांना कपड्यांची दांडी आठवेल.

लेखणीबहाद्दर :
टिपण उद्या द्यायचे आहे. ‘रहस्यपट’ शीर्षकातच आहे आणि ते छापायला गेले आहे. गायचे काय करू?

बारावाटा :
आधी ‘धाकधूक’ स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, हे कोणी सांगेल का?