बंडखोरांविरुद्ध सैन्य वापरणे : न्याय्य केव्हा, आणि उपयोगी केव्हा?

बोरीकाठ (तुळजापूर तालुका)

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर मला अर्धा तास बोलायचे आहे, आणि दरवर्षीचेच भाषण या वेळी माझ्याच्याने होईलसे वाटत नाही. कारण असे की अकरावीच्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, सैन्य आले म्हणून आपण सुटलो असे तुम्ही सांगता, मग मणिपुरात किंवा बस्तरमध्ये सैन्य जाते तेव्हा तिथली माणसे 'सुटलो' असे का म्हणत नाहीत?" मी "पुढच्या तासाला सांगतो" म्हणालो. तो तास होऊन आता तीन आठवडे झाले.

माझे आजोबा नळदुर्गाजवळच्या खेड्यातले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याच्या तुकड्यांनी बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, त्या दिवशी तोफांच्या आवाजाने आमचे बैल दावी तोडून पळाले आणि आजोबा त्यांच्यामागे दोन कोस धावले, ही गोष्ट त्यांनी आम्हांला शंभरदा तरी सांगितली असेल. मात्र त्यानंतर दिवाळीपर्यंतच्या दीड महिन्यात गावात काय घडले असे विचारले, की ते चंची सोडून सुपारी शोधू लागत. ती सुपारी त्यांना कधी लवकर सापडली नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. स्वतःच्याच प्रजेतील सशस्त्र लोकांवर सैन्य घालण्याचा अधिकार राज्याला नैतिकदृष्ट्या कुठवर आहे? आणि असे बळ खरोखर उपयोगी पडते का, की बंड तेवढ्यापुरते दबते? भाषणबाजी नको, उदाहरणे आणि कारणे हवी आहेत.

मन्याड (नांदेड)

सर, प्रश्न नेमका आहे, परंतु उत्तर शोधण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. १३ ते १७ सप्टेंबरची कारवाई बंडखोरांविरुद्ध नव्हतीच. समोर हैदराबादच्या निजामाची गणवेशातली फौज होती, तिला सेनापती होता, आणि १८ सप्टेंबरला त्या सेनापतीने, जनरल एल इद्रूस यांनी, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. आपल्या माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावू शकेल असा कुणी समोर असला, की युद्ध पाच दिवसांतही संपते. बंडात असा माणूस बहुधा नसतो, किंवा असला तरी सापडत नाही. रझाकारही बंडखोर नव्हते. लातूरच्या एका वकिलाच्या, कासीम रझवीच्या, हाताखालची ती संघटना सत्तेच्या आश्रयानेच माजली होती.

त्या काळात आपल्याकडे बंडखोर कोण होते, हे वर्गात विचारून पाहा. निजामाच्या दप्तरात ते आपलेच लोक होते. सरहद्दीवरच्या छावण्यांतून रात्री आत शिरून करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळणारे, पोलीस ठाण्यांवर चालून जाणारे, जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटणारे. त्यांना भाकरी देणाऱ्या गावांवर रझाकार तुटून पडत, आणि घर जळालेला तरुण दुसऱ्या दिवशी छावणीची वाट धरी. म्हणजे बंदुकीचे दुसरे टोक कसे दिसते, हे शिकण्यासाठी मराठवाड्याला मणिपूरपर्यंत जावे लागत नाही.

आता आपल्या आजोबांच्या सुपारीविषयी. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानातील १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. कारवाईत आणि तिच्यानंतर एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही आपली दोन नावे आहेत. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतल्या अनेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. समितीने रझाकारांचे अत्याचारही नोंदवले आहेत, आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद घेतली आहे. काही ठिकाणी सैनिकांनी लोकांना संरक्षण दिले, तर काही ठिकाणी गणवेशातील माणसेच लुटीत सामील होती. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आणि पुढे कित्येक दशके तो छापला गेला नाही. सैन्य पाठवणे न्याय्य होते असे मी आजही मानतो. पण जुना अंमल कोसळल्यापासून नवा अंमल गावागावांत बसेपर्यंतच्या दिवसांत निःशस्त्र माणसांचे रक्षण करणे हाही त्याच निर्णयाचा भाग होता, आणि ते सगळीकडे झाले नाही. हे १७ सप्टेंबरच्या व्यासपीठावरून बोलायला धाडस लागेल, एवढेच सांगतो.

खरी बंडखोरी शेजारी तेलंगणात होती. १९४६ पासून तिथल्या देशमुखांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली गावेच्या गावे ताब्यात घेऊन जमिनी वाटल्या होत्या. निजाम गेल्यावरही त्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. निजामाला पाच दिवसांत नमवणाऱ्या त्याच सैन्याला तेथे तीन वर्षे लागली. जंगलातले आदिवासी पाडे उठवून छावण्यांत आणले गेले, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. सैन्याने त्यांना थकवले हे खरे. पण त्याच काळात १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. आपल्याकडे जुन्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'संरक्षित कूळ' असा शेरा दिसतो ना, तो याच कायद्याचा. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले तेही याच मुलखात. आणि १९५२ च्या निवडणुकीत नळगोंड्याहून रवी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षाही अधिक मतांनी लोकसभेवर गेले. ज्यांच्यावर सैन्य घातले होते, त्यांनाच लोकांनी इतक्या मतांनी निवडून दिले. याला सैन्याचा विजय म्हणावा की पराजय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

निवृत्त सुभेदार (बीड)

मी २४ वर्षे नोकरी केली. त्यांतली पाच वर्षे नागालँड आणि मणिपूरमध्ये गेली. नैतिकतेचे शास्त्र मला सांगता येणार नाही. आम्ही तेथे काय करत होतो ते सांगतो.

दिवसाचे बहुतेक काम गोळीबाराचे नसतेच. पहाटे रस्ता तपासायचा, पुलाखाली वाकून पाहायचे, रात्री दबा धरून बसायचे आणि सकाळी रिकाम्या हातांनी परत यायचे. मारावे असा माणूस वर्षातून एखाद्या वेळीच दिसतो, आणि तोही बाकीच्यांसारखाच दिसतो. तो कोणता, हे फक्त गावाला माहीत असते. म्हणून आमचे सगळे काम गावाने तोंड उघडण्यावर अवलंबून असे. एकदा खोट्या खबरीवरून आमच्या लोकांनी एका पोराला उचलले. कायदा सांगतो की पकडलेला माणूस शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचा. आमच्याकडून त्याला रात्रभर ठेवले गेले. त्याला मारले नाही, सकाळी घरी सोडले, वरिष्ठांनी माफीही मागितली. पुढचे आठ महिने त्या गावात आम्हांला कुणी रस्ता विचारूनही सांगितला नाही. त्या आठ महिन्यांत त्याच रस्त्यावर आमची एक गाडी स्फोटात गेली. स्फोट घडवणारे त्या गावाने नक्कीच पाहिले असणार.

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोळशाच्या खाणीवरून पिकअपने घरी निघालेले सहा मजूर सैन्याच्या दब्यात बंडखोर समजून मारले गेले. बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तसा दबा मीही धरलेला आहे आणि अंधारात पिकअप कशी दिसते ते मला माहीत आहे.

बळ संयमाने वापरले तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. अमृतसरला जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिराच्या आवारात रणगाडे नेले गेले. त्याचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे १९८८ मध्ये त्याच आवारात पुन्हा अतिरेकी घुसले, तेव्हा वेढा घालून वीज-पाणी तोडले, नेमबाज बसवले आणि पत्रकारांना समोर बसून सगळे पाहू दिले. अतिरेकी हात वर करून बाहेर आले, आणि त्यांचा दरारा तेथेच संपला. आवार तेच होते. फरक नियोजनाचा होता आणि घाई न करण्याचा.

आणि भाषा. बीडचा मी, नागा खेड्यात दुभाष्याशिवाय पाणी मागता येत नसे. गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० हे नक्षलविरोधी पोलीस पथक उभे केले ते तिथल्याच, माडिया-गोंडी बोलणाऱ्या पोरांचे. तिथल्या पोलिसांचेही खूप रक्त सांडले. १ मे २०१९ च्या एका स्फोटातच १५ जवान गेले. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारखा जुना माओवादी नेता ६० साथीदारांसह त्याच गडचिरोलीत येऊन शस्त्रे ठेवतो, तेव्हा शरण आलेल्याला येथे मारत नाहीत असा विश्वास त्याला वाटला असला पाहिजे. तो विश्वास जंगलातल्या नुसत्या गोळीबाराने तयार होत नाही.

शिवना

सगळे वाचले. तुम्हा सर्वांना एक सोयीची गोष्ट खरी वाटते आहे : संयम पाळला की यशही मिळते. श्रीलंकेकडे पाहा. मे २००९ मध्ये तेथील सैन्याने तमिळ वाघांचा समूळ नाश केला. शेवटच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने नंतर म्हटले. पण ती संघटना तेथे पुन्हा उभी राहिलेली नाही. क्रौर्य यशस्वी होते. मग?

निवृत्त सुभेदार (बीड)

वाघांकडे तोफा होत्या, स्वतःचे नाविक दल होते, कचेऱ्या आणि न्यायालये होती. ते एक अर्धे राज्य होते, आणि शेवटी फौजेसारखे समोरासमोर लढले, म्हणून फौजेसारखे हरले. त्याआधी २००४ मध्ये त्यांचाच पूर्वेकडचा सेनानी करुणा आपली माणसे घेऊन फुटला होता. मन्याड यांनी इद्रूस यांच्याविषयी जे लिहिले तेच येथे लागू आहे.

वकील (छत्रपती संभाजीनगर)

सुभेदार साहेबांचा खुलासा रास्त आहे, तरी शिवना यांचा आक्षेप त्याने पुरता मिटत नाही. फ्रेंचांनी १९५७ मध्ये अल्जिअर्स शहरातील बंडखोरांचे जाळे छळाच्या बळावर मोडून काढले आणि १९६२ मध्ये तो देशच सोडला, हे उदाहरण मी त्यांच्यापुढे ठेवू शकतो. ते आणखी एखादे माझ्यापुढे ठेवतील. उदाहरणांची ही बोली संपणारी नाही. क्रौर्य कधी यशस्वी होते, कधी होत नाही, आणि नेमक्या याच कारणाने कायद्याने मनाई करताना यशाचा हिशेब धरलेला नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील तिसरे कलम देशांतर्गत संघर्षालाही लागू होते. न लढणाऱ्याला आणि शस्त्र टाकलेल्याला मारू नये, त्याचा छळ करू नये, त्याला ओलीस धरू नये, असे ते सांगते. 'उपयोग होत नसेल तर' अशी अट त्यात नाही. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने छळ उपयोगी पडतो असे आकड्यांनिशी सिद्ध केले, तरी मनाई तशीच राहते.

आपल्याकडील स्थिती थोडक्यात सांगतो. १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याने अशांत क्षेत्रात पूर्वसूचना देऊन जिवे मारण्यापर्यंत बळ वापरता येते, आणि केंद्राच्या परवानगीवाचून जवानावर खटला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो वैध ठरवला, मात्र अशांत क्षेत्राच्या घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हावा असे सांगितले. जुलै २०१६ मध्ये, मणिपुरातील १,५२८ मृत्यूंविषयीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की अशांत क्षेत्रातही बेसुमार बळाला मुभा नाही आणि पूर्ण अभय कुणालाच नाही. पण अडचण परवानगीच्या कलमात आहे. सुभेदार साहेबांनी उल्लेख केलेल्या मोनच्या घटनेत नागालँड पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने परवानगी नाकारली आणि खटला तेथेच थांबला. जवान दोषी होते की नव्हते, हे न्यायालयात ठरलेच नाही; त्यामुळे मजुरांच्या घरच्यांना न्याय मिळाला नाही आणि जवानांनाही निर्दोष ठरण्याची संधी मिळाली नाही.

विद्यार्थिनीच्या प्रश्नात एक दुरुस्ती करावी. बस्तरमध्ये सैन्य नाही. तेथे केंद्रीय राखीव पोलीस आणि राज्याचे पोलीस लढतात. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे ७६ जवान मारले गेले, तेव्हाही हे धोरण बदलले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. त्याच बस्तरमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाने अल्पशिक्षित आदिवासी तरुणांच्या हातात तुटपुंज्या मानधनावर बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. गावाला गावावर सोडून राज्याने बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे रझाकारांच्या मुलखातील माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

मन्याड (नांदेड)

मिझोरम राहिले. तिथले बंड मोडण्यासाठी मार्च १९६६ मध्ये भारतीय विमानांनी ऐझॉलवर बॉम्ब टाकले, पुढे खेडी उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत बसवली. समझोता झाला ३० जून १९८६ ला, आणि बंडाचे पुढारी लालडेंगाच मुख्यमंत्री झाले. त्या राज्यात आजवर शांतता टिकली आहे. मधली वीस वर्षे कशासाठी लागली, हेही मुलांना विचारा.

बोरीकाठ (तुळजापूर तालुका)

आपणा सर्वांचा आभारी आहे. भाषणाचा विषय बदलला आहे. १३ ते १७ ऐवजी मी १८ सप्टेंबरपासून सुरुवात करणार आहे. प्राचार्यांना कल्पना दिली; ते थोडा वेळ गप्प राहिले आणि "कागदावर लिहून वाचा, उत्स्फूर्त बोलू नका" एवढेच म्हणाले. काल गावी जाऊन आमच्या जुन्या सातबाऱ्याचा उतारा काढला. इतर हक्कांत एका संरक्षित कुळाचे नाव आहे. ते नाव मुसलमान आहे, आणि त्या नावाचे घराणे आज आमच्या गावात नाही. वडिलांना विचारले, त्यांना माहीत नव्हते. आजोबा हयात असते तर त्यांनी चंची सोडली असती.

सुभेदार साहेब, आपण त्या दिवशी तुळजापूरला याल का? त्या मुलीच्या प्रश्नातील मणिपूरचा भाग आपण सांगावा, अशी विनंती आहे.

निवृत्त सुभेदार (बीड)

येईन. झेंडावंदन सकाळी असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच एसटीने निघेन. मुक्कामाची सोय कुठेही चालेल. शाल-श्रीफळ ठेवू नका. आणि त्या रात्रभर ठेवलेल्या पोराची गोष्ट मुलांपुढे सांगितलेली आपल्या प्राचार्यांना चालेल का, ते आधी विचारून ठेवा.