दीड दिवसात विसर्जन, तेही आरतीशिवाय

वाटाड्या:
नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात माझं मंत्रिपद गेलं, त्यावर नानांनी काल लिहिलं, "साध्या बहुमतानं आलेला साध्या बहुमतानं जाईल. खेळ आहे, रडारड कशाला." दोनदा उत्तर लिहून खोडलं. आता लिहितोच.

गणपतीत मी गावी होतो, गुहागरच्या पुढे. रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच. सोमवारी रात्री माझ्याविरुद्ध ठराव आला, बुधवारी सकाळी मी परराष्ट्रमंत्री नव्हतो. ६ विरुद्ध ५. आपल्या रीजनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या राष्ट्रांच्या गटात, नागरिक २३. म्हणजे २३ पैकी सहांनी मला काढलं आणि माझं म्हणणं एकानंही विचारलं नाही. घरचा गणपतीसुद्धा दीड दिवसाचा असतो, पण त्याची आरती तरी होते.

माझी मागणी: ठरावानंतर ७२ तास थांबा, उत्तराची संधी द्या, दोन तृतीयांश मतं लागू द्या. आणि काढताना बदली माणसाचं नाव त्याच ठरावात असू द्या. जर्मनीत चान्सेलरला काढायचं तर नवा निवडूनच काढावं लागतं. १९७२ ला ते दोन मतांनी फसलं, १९८२ ला कोल आले. आपल्याकडे १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पाडलं, पर्याय कोणाकडेच नव्हता, आणि कारगिल काळजीवाहू सरकारनं लढलं. आपल्या खात्याचं तेच झालंय. चार दूतावासांची पत्रं पडून आहेत.

बेरकी नाना:
कारगिल? दूतावासाच्या चार टेलिग्रामसाठी? काहीही हं.

वाटाड्या, तुम्ही नेशनस्टेट्सच खेळताय ना? इथे खुद्द डेलिगेटला, म्हणजे रीजनच्या प्रमुखाला, काढायला ठराव लागत नाही. लोकांनी एंडोर्समेंट (पाठिंबे) काढून दुसऱ्याला दिल्या की पुढच्या अपडेटला, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या वेळच्या हिशोबाला, खुर्ची बदलते. त्याला संरक्षण नाही, मग मंत्र्याला कसली कवचकुंडलं? आपल्या डेलिगेटला जेमतेम ९ एंडोर्समेंट. दहा-बारा रेडर, म्हणजे रीजन बळकावणारे बाहेरचे, अपडेटच्या तोंडावर घुसले की संपलं. तेव्हा झोपलेल्या संरक्षणमंत्र्याला ७२ तासांची नोटीस पाठवू का?

प्रश्नचिन्ह:
नाना सोयीचं अर्धंच सांगतात. एंडोर्समेंट देता येते ती फक्त वर्ल्ड असेंब्लीच्या, म्हणजे खेळातल्या संयुक्त राष्ट्रांच्या, सदस्याला, आणि एका माणसाचं एकच राष्ट्र तिथे सदस्य असू शकतं. आपल्या मतदानाला ती चाळणी आहे कुठे? त्या सहापैकी तीन राष्ट्रं बऱ्याच दिवसांनी त्याच रात्री जागी झाली. पपेट, म्हणजे एकाच माणसाची जादा राष्ट्रं, कोणाची, ते मी म्हणत नाही.

बेरकी नाना:
म्हणत नाही म्हणून म्हणून टाकलंत. पुरावा द्या नाहीतर माफी मागा.

मावळती:
दोन तृतीयांशाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा ग्रामपंचायत बघावी. माझी काकू सरपंच होती, जागा महिला राखीव, सदस्य ९. अशा सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश लागत, म्हणजे ७. सहा जण जमले आणि आठ दिवस 'सहलीला' गेले. सातव्याच्या घरी रोज रात्री माणसं. त्याच्या बायकोनं त्याला माहेरी नेऊन ठेवला म्हणून काकू वाचली. साधं बहुमत असतं तर पहिल्याच महिन्यात गेली असती. तिचा गुन्हा काय, तर पाणीपुरवठ्याची बिलं वाचून सही करायची.

पारावरचा:
आणि आमच्याकडे उलटं. थेट निवडून आलेला सरपंच. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिली दोन वर्षं ठराव नाही, शेवटचे सहा महिने नाही. मधे आणलात तर सदस्यांचे तीन चतुर्थांश, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. हा बाबा तालुक्याला राहायला गेला, शिक्का खिशात. दाखल्यासाठी माझ्या वडिलांनी एस्टीनं सात खेपा घातल्या. हटवणं अवघड केलं की माणूस सुरक्षित होतो, गाव नाही.

मावळती:
सात खेपांचं वाईट वाटतं. पण ग्रामसभेनं निवडलेला ग्रामसभेनंच काढावा यात चूक काय? नऊ जणांनी सहलीत ठरवावं का?

पारावरचा:
आमच्या ग्रामसभेला कोण येतं ते या एकदा बघायला. चहापाण्याचा खर्च मी करतो.

बेरकी नाना:
धागा कुठे, गाव कुठे. तरी हिशोब करू. पाच वर्षांत दोन वर्षं अभय, तर आपल्या तीन महिन्यांच्या मुदतीत ३६ दिवस. इथे २८ दिवस लॉगिन केलं नाही की राष्ट्रच गायब होतं. म्हणजे राष्ट्र मेलेलं, आणि मंत्री आणखी आठ दिवस पदावर!

वाटाड्या:
हे मात्र जमलं तुम्हाला. पण अभय मी मागितलंच नव्हतं, ते पारावरून आलं. मी उत्तराची संधी मागितली. जानेवारीत तुम्ही अर्थमंत्री असताना १९ दिवस गायब होता, नाना. मुलीचं लग्न होतं. ठराव कोणी आणला? कोणीच नाही. आम्ही थांबलो.

बेरकी नाना:
लग्न मधे आणायचं कारण नव्हतं.

(थोड्या वेळानं) ठीक आहे. बाहेर जातोय असं आधी कळवलेल्याला ७२ तास मिळावेत. तुम्ही कळवलं नव्हतं.

वाटाड्या:
डिस्कॉर्डवर कळवलं होतं. 'गावी चाललो, मोदक खाऊन येतो.' खाली तुमचाच अंगठा आहे.

प्रश्नचिन्ह:
=))

बेरकी नाना:
मोदक म्हणजे रजेचा अर्ज हे मला माहीत नव्हतं. असो. ७२ तास मान्य. दोन तृतीयांश मान्य नाही. रेडर आत असतील तेव्हा ७२ सुद्धा नाही, तेव्हा डेलिगेट मंत्र्याला तात्पुरतं बाजूला करेल. आणि मतं मोजायची ती वर्ल्ड असेंब्लीत असलेल्यांचीच, म्हणजे काही लोकांचं पपेटपुराण थांबेल.

प्रश्नचिन्ह:
माफी राहिली म्हणता? ही अट तुम्हीच घातलीत, आता मला पुराव्याची गरज नाही.

मावळती:
माझं राष्ट्र असेंब्लीत नाही, ती जागा मी दुसऱ्या रीजनमधल्या राष्ट्राला दिलीय. म्हणजे माझं मत गेलं का? मी इथे चार वर्षं आहे.

जर्सीकर:
सगळं वाचलं, ऑफिसात बसून. एकच विचारतो. ७२ तास कोणाच्या घड्याळानं? मागचं मतदान 'बुधवारी सकाळी' बंद झालं म्हणता, तेव्हा माझ्याकडे मंगळवारची रात्र होती आणि मी मत द्यायला बसलो होतो. विरोधात देणार होतो.

वाटाड्या:
म्हणजे ६–६?