मदत हवी आहे: वृद्धाश्रमात आत्याची काळजी नीट घेतायत का, कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, माझी आत्या रत्नागिरीजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे, अंथरुणाला खिळलेली, आणि परवा चादर बदलताना पाहिलं तर माकडहाडावर लाल चट्टा, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता, म्हणजे बेडसोअरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवातच ना ही? दर 2 तासांनी कूस बदलायला हवी पण रात्री एकच मावशी असते, ती बिचारी कुणाकुणाला बघणार! त्यात पावसाने गादीपण ओलसर लागते. मॅनेजर म्हणतात कूस बदलल्याच्या नोंदींचं रजिस्टर आहे, दाखवत मात्र नाहीत. तपासणी कोणाकडे मागायची, समाजकल्याण की प्रांत ऑफिस? 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा कुणाला उपयोग झालाय का? तक्रारीचा राग आत्यावर निघू नये एवढंच, प्लीज सांगा.