मापाशिवाय व्हीलचेअर देणं संस्थांनी बंद करावं का?

मोजपट्टी (धागाकर्ता)

अपंग मुलांसाठी आणि प्रौढांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे वार्षिक अहवाल पाहिले, की व्हीलचेअरच्या पानावर एकच आकडा ठळक असतो: किती खुर्च्या वाटल्या. त्यातल्या किती माप घेऊन दिल्या, वर्षभराने किती वापरात होत्या, त्या खुर्चीत बसून किती जणांना बेडसोर (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमा) झाले, याबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून माझी मागणी सरळ आहे. एकाच आकाराच्या खुर्च्यांचं सरसकट वाटप बंद करा.

खुर्ची अंगाला न बसण्याचे परिणाम ठरलेले आहेत. बैठक चार-पाच सेंटीमीटर जास्त रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो, पेल्व्हिस (कमरेचा हाडांचा कटोरा) तिरकं होतं, कणा त्याच्यामागून वाकतो. चाकापर्यंत पोचायला दंड फाकवावे लागतात, म्हणून खांदे जातात. बैठक जास्त खोल असली की तिची कड गुडघ्यामागे रुतते. ती टाळायला माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो. पायपट्टी उंच असेल तर मांड्या अधांतरी राहून सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. खाली असेल तर पाय लोंबतात आणि माणूस पुन्हा घसरतो. ज्याला संवेदनाच नाही त्याला यातलं काही दुखत नाही, त्यामुळे तो तक्रारही करत नाही. जखम दिसते तेव्हा ती आतून खोल गेलेली असते.

आणि मापं घ्यायला लागतं काय? कडक, सपाट बाकावर पाय टेकवून बसवा. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं उभी धरून मधलं अंतर मोजा (टेप अंगावरून वळला तर माप जास्त येतं). तीच बैठकीची रुंदी. कमरेच्या मागून गुडघ्याच्या मागपर्यंतच्या अंतरातून ३ ते ६ सेंटीमीटर वजा केले की बैठकीची खोली. गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं माप म्हणजे गादीच्या वरच्या बाजूपासून पायपट्टीपर्यंतचं अंतर, आणि पायपट्टी जमिनीपासून किमान ५ सेंटीमीटर वर हवी. स्वतः चाक ढकलणाऱ्याला पाठटेका खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी संपलेला हवा. ज्यांना फक्त एवढंच लागतं त्यांच्यासाठी हे वीस मिनिटांचं काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हाताने चालवायच्या व्हीलचेअरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सेवेचे आठ टप्पे आहेत: नोंदणी, तपासणी, कोणती खुर्ची हे लिहून देणं, निधी आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून जुळवणं, वापर शिकवणं, पाठपुरावा आणि दुरुस्ती. सरसकट वाटपात यातला चौथा टप्पा तेवढा मनापासून होतो.

आधी चाक

निदान पटलं, मागणी पटली नाही.

२००८ च्या त्याच पुस्तिकेत लोकसंख्येच्या साधारण एक टक्का लोकांना व्हीलचेअर लागते असा अंदाज आहे. संघटनेने २०२३ मध्ये सुधारित तत्त्वं काढली तेव्हा जगभरातला आकडा सुमारे ८ कोटी धरला होता. मापाची सेवा देणारी दोन-तीन प्रशिक्षित माणसं वर्षाला किती जणांपर्यंत पोचणार? उरलेल्यांचं काय होतं ते तुमच्या मांडणीत कुठेच नाही. जो माणूस दिवसभर खाटेवर पडून आहे किंवा हातांवर सरपटतो आहे, त्यालाही बेडसोर होतात. त्याचे गुडघे आणि खुबे आखडतात. मूल असेल तर त्याची शाळा सुटते, आईची पाठ जाते. प्रतीक्षायादी हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचे परिणाम कोणी मोजत नाही.

शिवाय "एकच आकार" हे आता बऱ्याच ठिकाणी खरं नाही. ३६, ४१ आणि ४६ सेंटीमीटर अशा तीन रुंदीच्या खुर्च्या ठेवल्या आणि पायपट्टी वर-खाली होणारी घेतली, तर बहुसंख्य प्रौढांचं भागतं. एकगठ्ठा मागवल्याने खर्च उतरतो तो वेगळाच.

आरा

दोघांनी माणसाचं माप घेतलं, जमिनीचं कोणीच घेतलं नाही.

वाटपात येणारी बहुतेक खुर्ची दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर, दुसऱ्याने ढकलण्यासाठी बनवलेली असते. पुढची चाकं लहान, कडक आणि अरुंद. मातीत ती रुततात. खडा आडवा आला की जागीच थांबतात आणि बसलेला माणूस तोंडावर पडतो. पुढचं आणि मागचं चाक यांतलं अंतर वाढवलं की हा धोका खूप कमी होतो. स्वतः व्हीलचेअरवर असलेले अभियंते राल्फ हॉचकिस यांनी व्हर्लविंड या संस्थेच्या खुर्च्यांमध्ये हेच केलं. पुढे रुंद, लवचीक रबरी चाक लावलं (त्याला झिम्बाब्वे व्हील म्हणतात, कारण ते तिथलं) आणि सुटे भाग सायकलचे वापरता येतील असे ठेवले.

खरेदी करणाऱ्या संस्थेने आधी विचारावं की खुर्ची आयएसओ ७१७६ (व्हीलचेअर तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या आठव्या भागाप्रमाणे तपासली आहे का. त्यात खुर्ची फिरत्या ड्रमांवर दोन लाख फेरे चालवतात आणि नंतर ५ सेंटीमीटरवरून ६,६६६ वेळा खाली सोडतात. स्वस्त खुर्चीचा मोडण्याचा क्रमही ठरलेला: आधी पुढच्या चाकाचा काटा वाकतो, मग फोल्डिंगच्या फुलीचा बोल्ट ढिला होऊन भोक लांबट होतं, मग बैठकीचं कापड स्क्रूपाशी फाटतं.

टायरचं तर बघाच. व्हीलचेअरचं नेहमीचं २४ इंची चाक ५४० मिलिमीटरच्या रिमचं असतं, डोंगरी सायकलचं २४ इंची ५०७ च्या. दोन्हीला लोक "चोवीस"च म्हणतात, पण टायर एकमेकांना बसत नाहीत. खुर्चीसोबत टायरच्या कडेवरचा आकडा (उदाहरणार्थ ३७-५४०) कागदावर लिहून दिला नाही, तर पहिलाच टायर फाटला की खुर्ची कोपऱ्यात जाते. हवा कमी असली तर ढकलणं जड होतं एवढंच नाही, ब्रेकही धरत नाही, कारण ब्रेकची दांडी टायरवरच दाबली जाते. खाटेवर सरकताना पडण्याचं हे मोठं कारण आहे. पुढच्या चाकांना शक्य तिथे ६०८ नंबरचं बेअरिंग (८ मिलिमीटर भोक, २२ बाहेरून, ७ जाडी) असलेला नमुना निवडावा; ते जवळजवळ कुठेही मिळतं.

पाठकणा

@आधी चाक, प्रौढांबद्दल वाद घालता येईल. मुलांबद्दल, विशेषतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांबद्दल, मी तसूभरही मागे येणार नाही. "मोठी होतील, बसेल" म्हणून मोठी खुर्ची देणं म्हणजे वाढत्या कण्याला वाकवण्याची सोय करून देणं आहे.

या मुलांना खुर्चीआधी आधार लागतो, आणि तो पेल्व्हिसपासून सुरू होतो. बैठक कापडी झोळी असली की मांड्या आत वळतात, पेल्व्हिस एका बाजूला उतरतं. म्हणून आधी खाली घट्ट पाट, त्यावर आकार दिलेली गादी. मग पेल्व्हिसचा पट्टा, मांड्यांशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करून मागे-खाली ओढणारा. मग धडाच्या बाजूचे आधार. डोक्याचा आधार सगळ्यात शेवटी, कारण खालचं नीट झालं की अर्ध्या वेळा डोकं आपोआप सावरतं.

सगळ्यात घातक चूक: मूल घसरतंय म्हणून फक्त छातीला पट्टा बांधणं. पेल्व्हिस सुटं असेल तर मूल त्या पट्ट्याखाली घसरत जातं आणि पट्टा गळ्यावर येतो. यात जीव जाऊ शकतो. पेल्व्हिसच्या पट्ट्याशिवाय छातीचा पट्टा कधीही नाही.

दुसरी चूक खुब्याची. काही मुलांचा खुबा ९० अंश वाकतच नाही. त्याला ताठ पाठटेक्याच्या खुर्चीत बसवलं की तो पुढेच सरकणार, आणि घरचे म्हणणार "हट्टी आहे, नीट बसत नाही". तिथे बैठक आणि पाठटेका यांतला कोन उघडावा लागतो. वाढत्या मुलाला दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजलंच पाहिजे. एकदा देऊन निघून जाणाऱ्यांनी मुलांच्या वाटेला जाऊ नये.

मोजपट्टी

@आधी चाक, खाटेवर पडलेल्याला बेडसोर होतो हे बरोबर. पण खुर्ची मिळाल्यावर तो दिवसाला आठ-दहा तास बसतो, आणि गादी नसेल तर तो सगळा भार हाताच्या दोन बोटांएवढ्या दोन हाडांवर असतो. म्हणून तीन आकारांच्या खुर्च्या ही माझ्या लेखी अर्धीच सुधारणा आहे. गादीचा उल्लेख तुमच्या प्रतिसादात कुठेच नाही.

गादी चालते का, हे कळायला यंत्र लागत नाही. माणसाला विचारून, त्याला पुढे वाकवून, बैठकीच्या हाडाखाली बोटांची टोकं सरकवा. तो परत सरळ बसल्यावर बोटं वर-खाली ५ मिलिमीटर हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर धोक्याची सूचना. चिमटून बसली, ओढावी लागली, तर ती गादी त्या माणसासाठी नाही. दोन्ही बाजू तपासायच्या.

आकार दिलेल्या फोमच्या गादीत हाडांसाठी मागच्या बाजूला खोलगा असतो. ती उलटी ठेवली की तोच खोलगा मांडीखाली येतो आणि हाडं कडक भागावर. मागची बाजू ओळखायला खूण शिवून द्यावी. खोळ ताणली जाणारी हवी. ताठ रेक्झिनची खोळ घट्ट बसवली तर ती वरून झोळीसारखी ताणते आणि खोलग्याचा उपयोगच राहत नाही. फोम कालांतराने दबतो, त्यामुळे बोटांची तपासणी पाठपुराव्यातही पुन्हा.

भार हलका करणं शिकवायचं ते १५ ते ३० मिनिटांनी एकदा, मिनिट-दोन मिनिटं, पुढे किंवा बाजूला वाकून. हातांवर जोर देऊन अंग उचलणं सर्रास शिकवतात. ते कोणी दोन मिनिटं धरू शकत नाही, वर खांदेही झिजतात.

आधी चाक

गादीबद्दल मान्य. गादीशिवाय खुर्ची देऊ नये, हे माझ्याही यादीत धरा. @पाठकणा, मुलांचंही मान्य.

पण मग "बंद करा" का म्हणता? गाळणी लावा. नोंदणीच्या टेबलावरच पाच गोष्टी विचारता येतात: हात न टेकता सरळ बसता येतं का, बैठकीवर स्पर्श कळतो का, पूर्वी बेडसोर झालाय का, पाय काढलेला आहे का, वय वाढीचं आहे का. पहिल्या दोनचं उत्तर "हो" आणि उरलेल्या तिन्हींचं "नाही" असेल, तर त्या प्रौढाला तीनपैकी योग्य रुंदीची खुर्ची, गादी, पायपट्टी जुळवून, त्याच दिवशी. बाकीच्यांना पूर्ण तपासणी. असं केलं की तज्ज्ञांचा वेळ ज्यांना खरंच लागतो त्यांच्याकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१२ चं प्राथमिक प्रशिक्षण साधारण पाच दिवसांचं आहे. ते फिजिओच घेऊ शकतो असं नाही. स्थानिक कार्यकर्ते आणि स्वतः व्हीलचेअर वापरणारेही घेऊ शकतात.

उतारावरून

गाळणी चांगली आहे. तिच्यातल्या चौथ्या प्रश्नामागचं कारण मात्र सगळेच विसरतात असं दिसतं: पाय काढलेला माणूस "धोक्याचा" का, हे टेबलावरच्या माणसाला सांगितलंत का? पायांचं वजन पुढे नसतं, त्यामुळे खुर्ची चढावर मागे उलटते. मागचा आस काही सेंटीमीटर मागे न्यायचा किंवा उलटू न देणारी चाकं लावायची. आस हलवताच येत नाही अशी खुर्ची त्याला देऊच नका.

आणि वापरणाऱ्याला विचारा. खुर्ची घरात कुठल्या दारातून जायची आहे, संडासात वळते का, रोज किती अंतर तोडायचं आहे, उचलून गाडीत कोण ठेवणार. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं विसावं कलम माणसाला हव्या त्या पद्धतीने, हव्या त्या वेळी हिंडण्याफिरण्याबद्दल बोलतं, आणि फिरण्याचं कौशल्य शिकवण्याबद्दलही. पायरीवरून मागच्या चाकांवर उतरणं, उतारावर रिम हातातून हळू सोडणं, खाटेवर सरकणं हे खुर्चीवरच्याच अनुभवी माणसाने दोन-तीन दिवस शिकवलं तर उपयोगी पडतं. पत्रक देऊन नाही.

आरा

+१. देणगीदारांना आकडा हवा असतो हे समजतं. मग आकडा बदला: बारा महिन्यांनी किती खुर्च्या रोज वापरात आहेत, किती दुरुस्त झाल्या, किती वापरणाऱ्यांच्या अंगावर जखम आहे. त्यासाठी दर खुर्चीमागे दुरुस्तीची रक्कम पहिल्याच अर्जात मागावी लागते. मागाहून ती मिळत नाही.

आधी चाक

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. @पाठकणा, मुलाचं माप घेतलं, आधाराची खुर्ची मागवली, ती यायला चार-सहा महिने. तोवर ते मूल जमिनीवरच?

पाठकणा

नाही, तोवर कोपऱ्याची बैठक. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठटेका. दोन्ही फळ्या खांदे पुढे आणतात, त्यामुळे हात समोर येतात. लाकूड नसेल तर पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून, दाबून, पूर्ण वाळवून करता येते. वाळायलाच काही दिवस जातात. थर एकमेकांना आडवे-उभे लावा, नाहीतर एका दिशेने दुमडते. ओल लागणार नाही असा रंग किंवा वॉर्निश वरून हवाच.

मांडीमागचे स्नायू आखडलेल्या मुलाला पाय सरळ पसरून बसवलं की पेल्व्हिस मागे ओढलं जातं आणि पाठ गोल होते. म्हणून बैठक जमिनीपासून उचला आणि गुडघे वाकू द्या. किती उचलायची ते पाठ सरळ होईपर्यंत एकेक पुठ्ठा खाली सरकवून पाहायचं. समोर कोपराच्या उंचीवर ट्रे. पट्टा पेल्व्हिसलाच. सुरुवातीला वीस मिनिटं बसवा, मग उठवून कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागी पुन्हा आकार द्यावा लागेल.