कळा सहन होतील का? पाठीतलं इंजेक्शन इकडं भेटते का?

पऱ्हाटीचं_फूल: नववा लागला, पहिलंच बाळंतपण आहे, माहेरी आली यवतमाळ जिल्ह्यात, तालुका इथून १८ किलोमीटर. चुलत बहिणीनं नागपुरात पाठीतलं इंजेक्शन घेतलं होतं, ती म्हणे मोबाइल पाहत होती कळा चालू असताना! मले तर दाढ काढायचीही भीती वाटते. माय म्हणते गावातले डॉक्टर घरी येऊन कळांचं इंजेक्शन देतात तेच घे. आणि पाठीतल्यानं जन्मभर कंबर दुखते हे खरं का?

रात्रपाळीवाली_सिस्टर: अगं थांब, ते कळांचं इंजेक्शन दुखणं कमी करायचं नसते, कळा वाढवायचं असते!! ऑक्सिटोसिन. दवाखान्यात सलाईनमधून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके पाहत. घरी दंडात टोचलं तर गर्भाची पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरते. अजिबात नाही घ्यायचं.
पाठीतलं म्हणजे एपिड्युरल, त्याले भूलवाले डॉक्टर लागतात आणि नंतरही सारखं लक्ष ठेवा लागते, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही होत. मोठ्या दवाखान्यात आत्ताच विचारून ठेव, रात्री भूलवाले असतात का तेही. जन्मभराच्या कंबरदुखीचं खोटं आहे, टोचल्या जागी थोडे दिवस दुखते. बीपी उतरू शकते, जोर लावायला वेळ जास्त लागतो, एखादीचं डोकं लय दुखते. ट्रामाडॉलसारखं इंजेक्शन काही ठिकाणी देतात पण त्यानं धार कमी होते फक्त, वरून मळमळ अन् गुंगी.

दोन_लेकरांची_माय: माझ्या दोन्ही सरकारीत, इंजेक्शन काहीच नव्हतं. पहिल्या वेळी उताणी झोपवून ठेवलं अन् ओरडली तर तिथली बाई म्हणे "तेव्हा नाही ओरडली का". अजून विसरली नाही मी ते. दुसऱ्या वेळी जाऊबाईले आत घेतलं, मी खिडकीचे गज धरून उभी, कळ आली की ती माकडहाडाच्या वर मूठ रुतवून दाबे, गेली की सोडे. दुखलंच, पण निम्मं तिनं दाबून घेतलं असं वाटे. फिरत राय, कुशीवर झोप, कमरेले गरम पाण्याची पिशवी लाव. सोबत बाईमाणूस ठेवायची परवानगी सरकारी दवाखान्यात २०१६ पासून आहे, नाही म्हटलं तर आशाताईले मधी घाला.

नाल्यापलीकडचा: ताई, गाडीचं पहिले पाहा. १०२ किंवा १०८, फुकट आहे. कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा, पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट पाहू नका. आमचा नाला भरला होता, बायकोले ट्रॅक्टरवर नेलं, त्या धक्क्यांपुढं कळा काहीच नाही म्हणते ती.

पऱ्हाटीचं_फूल: बाप्पा, ते इंजेक्शन मी घेणारच होती! मायले वाचून दाखवलं, चूप बसली. आता म्हणते आत मीच येतो, पण ती माझ्याआधी रडंल, म्हणून जाऊबाईलेच फोन केला.