कोंबड्या ऐन उन्हाळ्यात पिसं टाकतायत, फीड बदलू का? बल्ब लावू का?

निवांत_अंगण
नमस्कार मंडळी. घरामागे सहा कोंबड्या आहेत, चार जुन्या (दीड वर्षाच्या पुढच्या) आणि दोन तलंगा, त्या नुकत्याच अंड्यावर आल्यात. ऊन वाढलं तसं जुन्यांपैकी तिघींनी पिसं टाकायला सुरुवात केली, सकाळी खुराडं उघडलं की आत उशी फाडल्यासारखा पसारा. एकीची मान पार उघडी पडलीय, दुसरीची छाती, आणि तिसरीची फक्त शेपटीच्या बुडाशी गेलीत, बाकी अंग ठीक आहे. जुन्यांची अंडी बंद. खायला लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) आणि संध्याकाळी मूठभर मका. हल्ली दुपारी खातच नाहीत, चोच उघडी टाकून सावलीत बसून असतात.

तर फीड बदलू का, कुठलं टॉनिक वगैरे खरंच कामाचं आहे का, आणि एकजण म्हणाला रात्री बल्ब लावून ठेव, अंडी परत सुरू होतात, तर लावू का? ज्यांनी हे उन्हाळ्यात निभावलंय त्यांनीच सांगा प्लीज, थंडीतल्या मोल्टिंगचे (पिसं टाकण्याचे) सल्ले ढिगाने मिळतात.

परसबागवाली
फीडच्या आधी हे बघा की तिघींचं दुखणं एकच आहे का. खरं मोल्टिंग डोकं-मानेपासून सुरू होतं आणि मग छाती, पाठ, पंख, शेवटी शेपटी असं मागे सरकत जातं. मानवाली आणि छातीवाली त्यात बसतात. पण मान शाबूत आणि शेपटीच्या बुडाशीच पिसं नाहीत, हे मला पटत नाही. तिला रात्री दांडीवर बसल्यावर उचला, अंधारात गप्प राहतात, आणि टॉर्च धरून मागच्या बाजूची पिसं फुंकर मारून बाजूला करा. गव्हाळ रंगाचे किडे सरसर पळाले तर उवा, पिसांच्या बुडाशी पांढरे गड्डे चिकटलेले असले तर ती त्यांची अंडी. कातडी काळपट, मळल्यासारखी दिसली तर माइट, म्हणजे गोचिडासारखे बारीक किडे. लाल माइट मात्र दिवसा अंगावर सापडणारच नाही, तो लाकडाच्या फटीत लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो, त्यासाठी पांढरा कागद दांडीच्या खालच्या अंगाला घासा, लाल रेघा उमटल्या की समजून जा. गरमीत त्याची पुढची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, त्यामुळे आज बघू उद्या बघू करू नका.

दुसरी खूण म्हणजे गळलेल्या जागी हलकं बोट फिरवा. मोल्ट असेल तर नवीन पिसांचे कोंब हाताला लागतात, मेणचट पांढऱ्या नळीत गुंडाळलेले. नुसतीच गुळगुळीत कातडी असेल आणि बरेच दिवस काही फुटत नसेल तर दुसरी कोणीतरी टोचत असणार.

आणि मधे खुराडं हलवलं, नवीन पक्षी आणले असं काही झालं का? कारण पिसं टाकायचा नेहमीचा काळ दिवस लहान व्हायला लागल्यावरचा. ऐन उन्हात टाकतात तेव्हा बहुतेक वेळा कसला तरी ताण असतो. अर्थात गरमी एकटीही पुरते, आणि खुडूक होऊन उठलेली कोंबडीही टाकते.

निवांत_अंगण
हो, खुराडं झाडाखाली हलवलं ना, उन्हामुळेच. रात्री टॉर्च घेऊन बघतो.

चोचीत_दाणा
फीडचं मी सांगतो. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, 85 टक्क्यांच्या वर. तुमच्या लेयर फीडमध्ये ते 16 च्या आसपास असणार, आणि ते फीड कोंबडी रोज शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाईल असं धरून बनवलेलं असतं. आता गरमीत ती तेवढं खात नाही, वरून तुम्ही मका देताय ज्यात प्रोटीन जेमतेम 8-9 टक्के, म्हणजे गरज वाढली नेमकी तेव्हाच पोटात कमी जातंय. उन्हाळ्यातल्या मोल्टची अडचण इथेच आहे हो, टॉनिकं वगैरे सगळं नंतर. मका आधी बंद करा.

18 ते 20 टक्के प्रोटीनचं ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) किंवा तसलं फीड आणा, आकडा पिशवीवर छापलेला असतो. त्याच्या पुढे जाऊ नका. जास्त दिलं की पिसं लवकर येतील हा हिशेब गरमीत उलटा पडतो, कारण धान्यापेक्षा प्रोटीन पचवताना अंगात उष्णता जास्त तयार होते आणि तीच तर बाहेर टाकायला ती धापा टाकतेय. जुनं फीड एकदम काढू नका, आठवडाभर मिसळत मिसळत बदला.

प्रोटीन कुठलं हेही बघा. पिसाला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात, मिथिओनिन आणि सिस्टीन. सोयाबीन पेंडीत प्रोटीन भरपूर पण मिथिओनिन कमी, तिळाच्या पेंडीत नेमकं उलटं, मिथिओनिन चांगलं आणि लायसिन कमी, त्यामुळे दोन्ही थोडी थोडी मिसळली तर जमून येतं. मासळीची पूड सगळ्यात सरस, वास सोसत असाल तर. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तरी चालतं. कच्चं सोयाबीन अजिबात नको, त्यातला एक घटक प्रोटीन पचूच देत नाही, भाजून किंवा उकडूनच. शेंगदाण्याची पेंड जुनी किंवा ओलसर असेल तर बुरशीचं विष असू शकतं, मी तरी हात लावत नाही. आणि हे सगळं वरचं खाणं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर फीड तसंच पडून राहतं.

वेळ पण बदला. खाल्ल्यावर काही तासांनी अंगातली उष्णता वाढते, म्हणून उजाडायच्या सुमाराला आणि उन्हं कलल्यावर द्या, भर दुपारी भांडं उचलून ठेवलं तरी बिघडत नाही.

रस्सा_पार्टी
अंडी बंद, पिसं आपोआप निघतायत, अर्धं काम झालंय की 😀

परसबागवाली
@रस्सा_पार्टी तुमची वाटच बघत होते, दर धाग्यावर हजेरी.

हिशेबी
चोचीत_दाणा यांचं बाकी पटलं पण सगळ्यांना सरसकट ग्रोअर हे नाही पटलं. ग्रोअरमध्ये कॅल्शियम साधारण एक टक्का, लेयरमध्ये साडेतीन ते चार. त्या दोन तलंगा रोज अंडी देतायत, त्यांना ग्रोअरवर टाकलं तर कवचासाठी हाडातलं कॅल्शियम काढतील. त्यात धापा टाकून टाकून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवच बनायला कार्बोनेट लागतं ते कमी पडतं, म्हणून उन्हाळ्यात तशीही कवचं पातळ येतात. मी लेयर फीडच चालू ठेवतो आणि वरून मासळीची पूड देतो.

चोचीत_दाणा
मुद्दा बरोबर आहे, लिहायचं राहिलं माझं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, फीडमध्ये न मिसळता, कायम ठेवायचा. अंड्यावरची कोंबडी तो बरोबर शोधून खाते, बाकीच्या ढुंकूनही बघत नाहीत. सगळ्यांना लेयर चालू ठेवलं तर अंडी न देणारीच्या पोटातही रोज तेवढं कॅल्शियम जातं आणि ते किडनीला उपसावं लागतं. दोन महिन्यांत काही होईल असं नाही म्हणत, पण चुरा वेगळा ठेवणं इतकं सोपं असताना कशाला. सहा पक्ष्यांना दोन वेगळी फीडं देणं तर होणारच नाही, एकमेकींच्या भांड्यात तोंड घालणार त्या.

हिशेबी
चुऱ्याचं भांडं ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त जाडसर, भरड शिंपला घ्या, बारीक पावडर नको, मोठा तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि कवच रात्री बनतं तेव्हा कामी येतो.

निवांत_अंगण
अपडेट. शेपटीवालीला उवाच निघाल्या, पांढरे गड्डे पण होते, परसबागवाली तुम्हाला दंडवत. कागदावर लाल काही नाही उमटलं. बाकी दोघींना कोंब लागतायत हाताला.

पण नवीन भानगड, मान उघडी असलेलीच्या पंखातून रक्त येतंय, एक कोवळं पीस मोडलंय, आणि तलंगा येऊन तिथेच चोच मारतायत. काय करू? आज दुपारी ती जास्तच मलूल होती.

गोठ्यातला_डॉक्टर
जनावरांचा डॉक्टर आहे, कोंबड्याही बघतो. तिला आत्ताच्या आत्ता वेगळी करा. डालग्याखाली डाला, पण बाकीच्यांना दिसेल अशाच जागी, पूर्ण नजरेआड ठेवली तर परत सोडल्यावर अनोळखी समजून जास्त मारतात. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं, म्हणून मोडलं की वाहतं. स्वच्छ कपड्याने काही मिनिटं दाबून धरा, मग कॉर्नफ्लोअर दाबून लावा. थांबलं तर पीस उपटू नका. थांबतच नसेल तर जवळच्या डॉक्टरला दाखवा. रक्त वाळलं तरी लाल डाग धुऊन काढा, बाकीच्या लाल दिसेल तिथे टोचतात आणि एकदा चव लागली की ती सवय मोडणं अवघड. आणि नवीन कोंब दुखरे असतात, तेव्हा उचलणं, कुरवाळणं सध्या कमी. उचलायचीच असेल तर दोन्ही पंख अंगाला धरून.

मलूल होती ते जास्त काळजीचं. कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान एरवीच 41-42 असतं, धाप टाकणं आणि पंख फाकवणं हेच तिचे उपाय. तेवढं करतेय तोवर ती सांभाळतेय. धाप असूनही मान टाकली, झोकांड्या गेल्या, तुरा काळपट पडला तर ऊन लागलंय, सावलीत नेऊन पाय आणि पोट साध्या गार पाण्यात उभे बुडवा, बर्फाच्या पाण्यात नाही, डोकं वर. रोज पाणी लागतं ते खाण्याच्या साधारण दुप्पट, कडक उन्हात त्याच्याही कितीतरी पुढे जातं, एकेका कोंबडीला अर्धा लिटर धरून चला. पाणी तापलं की त्या पीत नाहीत, म्हणून भांडी दोन-तीन ठिकाणी सावलीत, आणि दुपारी एकदा ओतून नवीन. भांडं एकच असेल तर ज्या दुबळ्या असतात त्यांना बाकीच्या तिथे येऊ देत नाहीत हेही लक्षात असू द्या. इलेक्ट्रोलाइट (पाण्यात घालायचे क्षार) फार तापलेल्या एक-दोन दिवसांपुरतं, शेजारी साधं पाणी ठेवूनच. टॉनिकांचं विचारलंत म्हणून सांगतो, फीड नीट असेल तर बाकी बाटल्या विकणाऱ्याच्या फायद्याच्या.

ओलं गोणपाट लावणं हवा कोरडी असेल तर उत्तम. दमट हवेत उपयोग नाही, तिथे फक्त वारा खेळता ठेवा, पंखा लावलात तर वायर चोचीच्या पल्ल्याबाहेर.

उवांची पावडर पंखाखाली आणि मागच्या बाजूला, आठवड्या-दहा दिवसांनी परत, कारण पहिल्या वेळी उवांची अंडी मरत नाहीत. कुठलं औषध, किती, आणि तलंगांची अंडी त्यानंतर किती दिवस खायची नाहीत हे जवळच्या डॉक्टरला विचारून. आणि जंताच्या गोळ्या आत्ताच उरकून टाकू असं करू नका. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध पिसं फुटत असताना दिलं तर नवीन पिसं वेडीवाकडी येऊ शकतात.

जुना_खुराडेवाला
बल्बचं कोणीच बोललं नाही. लावू नका. दिवसाचा उजेड धरून 14 ते 16 तास प्रकाश मिळाला की अंडी चालू राहतात हे खरं, पण ते पिसं टाकायच्या आधीचं. एकदा टाकायला लागली की अंडाशय आक्रसतं, तुरा लहान आणि फिका पडतो ती त्याचीच बाहेरची खूण. शरीर आतून दुरुस्तीला बसलंय, त्याला उजेड दाखवून अंडी माग म्हणणं म्हणजे उगाच. उन्हाळ्यात दिवस तसाही मोठा असतो, बल्बने फक्त खुराडं तापेल. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही तसं बल्ब लावल्याने मोल्ट उरकत नाही 🙂

किती दिवस चालेल ते पंख उलगडून कळतं. बाहेरची मोठी पिसं दहा असतात, मग मधे एक बुटकं पीस आणि त्याच्या पलीकडे आतली. दहातलं बुटक्याच्या शेजारचं आधी गळतं आणि मग एकेक बाहेरच्या दिशेने. एका पिसाला पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे. तीन-चार एकदम गळलेली दिसली तर कोंबडी झटपट मोल्टची आहे, अशी सहसा अंड्यालाही चांगली असते. एका वेळी एकच, आणि पुढचं दोन आठवड्यांनी, अशी असेल तर पाच-सहा महिने धरा. सर्वसाधारण दोन-तीन महिने. तुरा परत लाल आणि भरदार व्हायला लागला की समजा अंडी जवळ आली, आणि ती मोल्टनंतरची कवचाला आधीपेक्षा बरी असतात.

निवांत_अंगण
रक्त थांबलं, डालग्याखाली आहे, खातेय. पंख आता नाही उलगडत तिचा, पण छातीवालीचा बघितला, चार गळलीयत. ग्रोअर आणि शिंपल्याचा चुरा दोन्ही आणतोय. शेवटचं एक, धुळीत लोळायला राख टाकली तर या नवीन कोंबांना चरचरेल का?

परसबागवाली
कोरडी लाकडाची राख कोरड्या मातीत मिसळून चालते, माती जास्त राख कमी. भिजली की मात्र बदलून टाका, ओली राख कातडीला झोंबते. जागा सावलीत आणि पाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवा, नाहीतर लोळून झालं की सगळी धूळ पिण्याच्या पाण्यात.